मनोरंजन उद्यानाच्या सहलीसाठी कॅमेऱ्याची फिल्म कशी निवडावी?

कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेला फिल्मचा कॅमेरा कौटुंबिक सहलीसाठी पुन्हा बाहेर काढावा, असे ठरवणाऱ्या कुटुंबांपुढे पहिली अडचण फिल्मच्या निवडीची येते. १००, २००, ४०० आणि ८०० या आकड्यांपैकी कोणता घ्यावा, रंगीत घ्यावी की कृष्णधवल, आणि काढलेला रोल धुवायला कोठे द्यावा, या प्रश्नांवर दुकानदार, नातेवाईक आणि जुने छायाचित्रकार यांची उत्तरे वेगवेगळी असतात. बीड जिल्ह्यातील कुटुंबांच्या बाबतीत या गोंधळात आणखी एका गोष्टीची भर पडते. येथून ज्या उद्यानांकडे सहली निघतात, ती शिर्डी, लोणावळा, खोपोली किंवा हैदराबाद अशा ठिकाणी आहेत, आणि त्यांपैकी लोणावळा व खोपोली येथील उजेड व पाऊस बीडपेक्षा बराच वेगळा असतो. प्रस्तुत लेखात या निवडीचा क्रम, पर्याय, संभाव्य चुका आणि ग्राहक म्हणून आपल्याला असलेले हक्क यांची मांडणी केली असून, निर्णयासाठी आवश्यक तेवढेच तांत्रिक विवेचन दिले आहे.

निवडीपूर्वी ठरवावयाच्या तीन गोष्टी

फिल्मची निवड कंपनीच्या नावापासून सुरू करू नये. पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात.

१. घरातील कॅमेरा कोणता आहे, आणि त्यावर फिल्मचा वेग बदलण्याची सोय आहे का?
२. सहल कोणत्या महिन्यात, कोणत्या उद्यानात, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी होणार आहे?
३. रोल कोठे धुतला जाणार आहे, आणि तेथे कोणत्या प्रकारची फिल्म स्वीकारली जाते?

तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फिल्म विकत घेण्यापूर्वीच बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगाव येथील परिचित स्टुडिओत चौकशी करावी. तेथे धुण्याची सोय नसल्यास पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रोल कुरिअरने पाठवता येतो का, आणि त्याचा एकूण खर्च किती होईल, हे विचारून घ्यावे.

डब्यावरील आकड्याचा अर्थ

फिल्मच्या डब्यावरील १००, २०० किंवा ४०० हा आकडा तिची प्रकाशाबाबतची संवेदनक्षमता दाखवतो. तिला फिल्मचा वेग किंवा आयएसओ म्हणतात, आणि जुन्या कॅमेऱ्यांवर हाच आकडा एएसए या नावाने लिहिलेला आढळतो. आकडा दुप्पट झाला, की त्याच चित्रासाठी निम्मा उजेड पुरतो. त्यामुळे १०० च्या फिल्मला जेथे सेकंदाचा साठावा भाग लागतो, तेथे ४०० च्या फिल्मला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, आणि धावणारे मूल किंवा फिरणारा पाळणा पुसट न येता स्पष्ट उमटतो. मात्र वेग वाढतो तसे चित्रातील कणही ठळक दिसू लागतात. अल्बममधील नेहमीच्या आकाराच्या प्रिंटवर ४०० च्या फिल्मचे कण सहसा खटकत नाहीत, म्हणून केवळ कणांच्या भीतीने कमी वेगाची फिल्म घेण्याचे कारण नाही.

उजेडाचा अंदाज बांधण्यासाठी एक जुना नियम उपयोगी पडतो. भर उन्हात छिद्र, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट, एफ/१६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याच्या जवळचा ठेवावा. म्हणजे ४०० च्या फिल्मला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवावे. शटर तेच ठेवून पातळ ढगांत छिद्र एफ/११, पूर्ण ढगाळ हवेत एफ/८ आणि काळवंडलेल्या आभाळात एफ/५.६ करावे.

घरातील कॅमेऱ्यानुसार निवड

- साधे, स्थिर भिंगाचे कॅमेरे : कोडॅक केबी-१० सारख्या कॅमेऱ्यांत उजेडानुसार फेरफार करण्याची सोय जवळजवळ नसते, त्यामुळे उजेड कमी-जास्त झाला तर ती तफावत फिल्मलाच सांभाळून घ्यावी लागते. अशा कॅमेऱ्यासाठी ४०० ची रंगीत निगेटिव्ह फिल्म घ्यावी. केवळ उन्हाळ्यातील मोकळ्या मैदानासाठी २०० ची चालते.
- याशिका एमएफ-२ सारखे फ्लॅश असलेले छोटे कॅमेरे : यांच्या काही प्रकारांवर फिल्मचा वेग हाताने लावावा लागतो. रोल घालताना तो लावला नाही, तर मागच्या रोलचाच आकडा तसाच राहतो आणि पूर्ण रोल चुकीच्या मोजणीने काढला जातो.
- आपोआप वेग ओळखणारे कॅमेरे : फिल्मच्या डब्यावरील काळ्या-चंदेरी चौकोनांच्या पट्टीला डीएक्स संकेत म्हणतात. हे कॅमेरे ती पट्टी वाचून वेग ठरवतात, आणि पट्टी नसलेला डबा घातल्यास बहुधा १०० हा वेग गृहीत धरतात.
- पेंटॅक्स के-१००० सारखे एसएलआर कॅमेरे : यांत छिद्र आणि शटर दोन्ही हाताने बदलता येतात, त्यामुळे निवडीला अधिक वाव असतो. तरीही मुलांच्या मागे धावताना प्रत्येक वेळी मोजणी करणे कठीण जाते, म्हणून येथेही ४०० ची फिल्मच सोयीची ठरते.
- आग्फा क्लिक थ्री सारखे जुने कॅमेरे : यांना ३५ मिलिमीटरचा नव्हे, तर १२० या आकाराचा रोल लागतो, आणि त्यात केवळ बारा चित्रे निघतात. गर्दीच्या सहलीसाठी हा पर्याय टाळणे श्रेयस्कर.

ठिकाण आणि ऋतूनुसार निवड

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. त्यामुळे येथील कुटुंबे पावसाळ्यातही अधूनमधून लख्ख ऊन पडेल असे धरून चालतात. सह्याद्रीच्या कुशीतील खोपोली आणि लोणावळा येथे मात्र जून ते सप्टेंबर या काळात दिवसचे दिवस आभाळ भरलेले राहते आणि उजेड भर उन्हाच्या आठव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. म्हणून बीडच्या आकाशावरून घाटमाथ्याच्या उजेडाचा अंदाज कधीही बांधू नये.

- एप्रिल व मे, शिर्डी किंवा हैदराबाद : ऊन प्रखर असल्याने २०० ची फिल्म दिवसभरासाठी पुरेशी आहे. दुपारी डोक्यावरच्या उन्हामुळे टोपीखालचे चेहरे काळे पडतात, म्हणून दोन-तीन मीटरच्या अंतरावरून फोटो घेताना उन्हातही फ्लॅश वापरावा.
- दिवाळीची सुटी व डिसेंबर : सकाळ आणि संध्याकाळचा उजेड मऊ असतो व दिवस लहान असतो. उद्यानातील दिवे लागेपर्यंत थांबण्याचा बेत असेल, तर ४०० ची फिल्म घ्यावी.
- पावसाळा, खोपोली व लोणावळा : ४०० पेक्षा कमी वेगाची फिल्म घेऊच नये. कॅमेऱ्याचे भिंग फार उजळ नसेल आणि खर्च परवडत असेल, तर ८०० चा विचार करावा.
- बंदिस्त दालने : रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानातील काही खेळ, तसेच शिर्डीच्या साई तीर्थ या भक्तिविषयक उद्यानातील प्रयोग अंधाऱ्या दालनांत चालतात. तेथे ८०० ची फिल्मही सहसा अपुरी पडते. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटरपलीकडे पोहोचत नाही आणि तो इतर प्रेक्षकांना त्रासदायक होतो. अशा ठिकाणी फिल्म खर्च न करता प्रयोग डोळे भरून पाहावा आणि कुटुंबाचा फोटो बाहेरच्या उजेडात काढावा.

शिर्डीत उद्यानाबरोबर दर्शनाचाही बेत असेल, तर समाधी मंदिरात कॅमेरा व मोबाइल नेण्यास मनाई आहे हे लक्षात ठेवून कॅमेरा मुक्कामाच्या जागीच ठेवावा.

रंगीत निगेटिव्ह, स्लाइड की कृष्णधवल?

रंगीत निगेटिव्ह फिल्म सी-४१ या नावाच्या रासायनिक प्रक्रियेने धुतली जाते. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती चूक पोटात घालते. दोन टप्पे अधिक उजेड पडला, म्हणजे योग्य प्रमाणाच्या चौपट प्रकाश आत आला, तरी चित्र वापरण्याजोगे राहते. एका टप्प्याहून अधिक कमी उजेड मात्र ती सहन करत नाही, आणि सावल्या मातकट होतात. म्हणून शंका आली, की थोडा अधिक उजेड द्यावा. कोडॅक कलरप्लस २००, गोल्ड २००, अल्ट्रामॅक्स ४०० आणि फुजीफिल्म ४०० या फिल्म कौटुंबिक वापरासाठीच बनवलेल्या आहेत. पोर्ट्रा ४०० ही त्वचेचे रंग अधिक सौम्य दाखवणारी, पण बरीच महाग फिल्म आहे. कोडॅकची प्रो इमेज १०० ही फिल्म शीतकपाटाशिवाय साठवता यावी अशा रीतीने तयार केलेली असल्याने उष्ण प्रदेशात सोयीची आहे, तथापि तिचा वेग कमी असल्यामुळे ती स्वच्छ उन्हापुरतीच वापरावी.

स्लाइड फिल्म प्रकाशाची मोजणी अचूक मागते, ई-६ या वेगळ्या प्रक्रियेने धुतली जाते आणि साध्या कॅमेऱ्यात बहुधा वाया जाते. पहिल्या सहलीसाठी ती घेऊ नये.

कृष्णधवल फिल्म चेहऱ्यांसाठी सुंदर असली, तरी रंगीबेरंगी उद्यानात तिचा अर्धा विषयच हरवतो. तिची आवड असल्यास इलफर्ड एचपी-५ प्लस ४०० चा एक रोल सोबत घ्यावा. तिला कृष्णधवल फिल्मची स्वतंत्र धुलाई लागते. इलफर्डचीच एक्सपी-२ सुपर ४०० ही फिल्म मात्र रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत धुता येते. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचे इंदू नावाचे कृष्णधवल रोल काही घरांत अजून सापडतात. ही कंपनी बंद पडून बरीच वर्षे झाली असल्याने ते रोल जपून ठेवावेत, सहलीसाठी वापरू नयेत.

चित्रपटाच्या फिल्मपासून सावधान

चित्रपटासाठी बनवलेली फिल्म लहान डब्यांत भरून विकली जाते, आणि तुलनेने स्वस्त असल्यामुळे अनेकांना तिचा मोह पडतो. ती घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. ‘टी’ अक्षर असलेली फिल्म दिव्याच्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली असते, त्यामुळे उन्हात काढलेली चित्रे निळसर येतात. अशा अनेक फिल्मच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो, आणि तो सी-४१ च्या रसायनांत उतरल्यास इतर ग्राहकांचे रोलही खराब होऊ शकतात, म्हणून प्रयोगशाळेला आधी सांगणे आवश्यक आहे. शिवाय डब्यावर डीएक्स संकेत नसल्यास आपोआप वेग ओळखणारा कॅमेरा चुकीची मोजणी करतो.

पाण्याच्या खेळांसाठी आणि तत्काळ छपाईसाठी

वेट एन जॉय सारख्या जलउद्यानात नेहमीचा कॅमेरा नेणे म्हणजे तो गमावण्याची तयारी ठेवणे होय. तेथे पुढील पर्याय उपलब्ध आहेत.

- पाण्यात चालणारा एकदाच वापरण्याचा कॅमेरा : कोडॅकच्या अशा कॅमेऱ्यात ८०० वेगाची, सत्तावीस चित्रांची फिल्म असते आणि तो १५ मीटर खोलीपर्यंत चालेल असे कंपनी सांगते. त्याला फ्लॅश नसल्यामुळे तो दिवसाउजेडीच वापरावा.
- इन्स्टॅक्स मिनी : फोटो लगेच हातात येतो, म्हणून लहान मुले आणि आजी-आजोबा यांना तो विशेष आवडतो. एका पाकिटात दहा चित्रे असतात, फिल्मचा वेग ८०० असतो आणि चित्राचा आकार ६२ × ४६ मिलिमीटर असतो. मात्र निगेटिव्ह नसल्याने प्रत एकच राहते. तसेच हा कॅमेरा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला असल्यामुळे मे महिन्याच्या दुपारी त्याचे रंग बिघडण्याचा संभव असतो.

किती रोल घ्यावेत आणि खर्च कसा मोजावा

एका दिवसाच्या सहलीसाठी छत्तीस चित्रांचे दोन रोल सर्वसाधारण कुटुंबाला पुरतात. खर्चाची तुलना रोलच्या किमतीवरून न करता प्रत्येक चित्राच्या खर्चावरून करावी. त्यासाठी रोल, धुलाई, स्कॅन आणि दोन्ही बाजूंचे कुरिअर यांची बेरीज करून तिला छत्तिसाने भागावे. या हिशेबात स्वस्त फिल्म आणि मध्यम किमतीची फिल्म यांतील फरक बराच कमी होतो. चोवीस चित्रांचा रोल दिसायला स्वस्त असला, तरी धुलाई व कुरिअरचा खर्च जवळपास तेवढाच राहत असल्याने तो प्रत्येक चित्रामागे महाग पडतो.

उष्णता, प्रवास आणि तपासणी यंत्रे

- मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीत फिल्म किंवा कॅमेरा ठेवू नये. फिल्म कापडात गुंडाळून बसण्याच्या जागी, सावलीत ठेवावी.
- घरी शीतकपाटात ठेवलेला रोल वापरण्यापूर्वी किमान तासभर बंद डब्यातच बाहेर ठेवावा, अन्यथा त्यावर दव धरते.
- विमानाने जाताना फिल्म मोठ्या सामानात कधीही देऊ नये, कारण त्या सामानाच्या तपासणीचे किरण तीव्र असतात. हातातील सामानासाठी बसवली जाणारी नवी सीटी यंत्रेही फिल्मवर धुके आणतात, म्हणून पारदर्शक पिशवीत रोल वेगळे ठेवून ते हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी.
- मोठ्या शहरांतील मेट्रो स्थानकांवरही हीच विनंती करावी. विनंती मान्य न झाल्यास जुन्या पद्धतीच्या क्ष-किरण यंत्रातून ४०० ची फिल्म एक-दोनदा गेली, तर सहसा दिसण्याजोगे नुकसान होत नाही. ८०० व त्यावरील फिल्मची अधिक काळजी घ्यावी.
- सहलीनंतर रोल महिनोन् महिने ठेवू नये, कारण न धुतलेले चित्र उष्णतेने फिकट होत जाते.

सहलीपूर्वीची तयारी

१. सहलीच्या किमान महिनाभर आधी कॅमेऱ्यात नवे सेल घालून फ्लॅश व शटर चालते का, ते पाहावे.
२. मागच्या झाकणाच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला किंवा झडला असल्यास तो बदलून घ्यावा, कारण त्यातून उजेड आत शिरतो.
३. स्वस्त फिल्मचा एक रोल चाचणीसाठी काढावा. बीड शहरात खजाना विहीर किंवा कंकालेश्वराचा परिसर, अंबाजोगाईत योगेश्वरी मंदिराचा बाहेरचा भाग अशा ठिकाणी ऊन आणि सावली यांची चित्रे घ्यावीत, व घरात फ्लॅशची काही चित्रे काढावीत.
४. तो रोल ज्या प्रयोगशाळेकडे पुढे पाठवायचा आहे, तेथेच धुवून घ्यावा. अशा रीतीने कॅमेरा, फिल्म आणि प्रयोगशाळा या तिन्हींची परीक्षा एकाच वेळी होते.
५. उद्यानाचे कॅमेऱ्याविषयीचे नियम तिकीट काढतानाच वाचावेत. रोलर कोस्टरसारख्या खेळांत सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत, म्हणून लॉकरची सोय व शुल्क विचारून ठेवावे.

नेहमी होणाऱ्या चुका

- रोल पकडला आहे की नाही हे न पाहता फोटो काढत राहणे. फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळण्याची खुंटी फिरत असेल, तरच रोल पुढे जात आहे असे समजावे.
- रोल परत गुंडाळण्यापूर्वीच मागचे झाकण उघडणे.
- मुदत संपलेला रोल केवळ घरात आहे म्हणून सहलीला वापरणे.
- लांबवरच्या रोषणाईवर फ्लॅश मारणे.
- परक्या कुटुंबांतील स्त्रिया व मुले चौकटीत येत असताना परवानगी न घेता फोटो काढणे. जलउद्यानात हा संयम विशेष कटाक्षाने पाळावा.

ग्राहक म्हणून आपले हक्क

फिल्म महाग झाली आहे आणि सहलीचे क्षण पुन्हा येत नाहीत, म्हणून प्रत्येक खरेदीचे बिल घेणे अत्यावश्यक आहे.

- वेष्टनावरील माहिती : वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात केलेल्या फिल्मच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता आणि सर्व करांसह कमाल विक्री किंमत असणे बंधनकारक आहे. त्या किमतीपेक्षा अधिक रक्कम मागता येत नाही. डब्यात नव्याने भरलेल्या फिल्मवर मूळ फिल्मचे नाव व मुदत लिहिली नसेल, तर ती घेऊ नये.
- सदोष माल : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच ठरते.
- धुलाईतील निष्काळजीपणा : रोल हरवल्यास किंवा चुकीच्या रसायनात धुतला गेल्यास ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. पावतीवर जबाबदारी नाकारणारे वाक्य छापलेले असले, तरी त्यामुळे तक्रार करण्याचा हक्क संपत नाही. रोल देताना त्यांची संख्या, प्रकार आणि धुलाईची प्रक्रिया पावतीवर लिहून घ्यावी.
- निगेटिव्ह आणि स्वामित्व : निगेटिव्ह आपली मालमत्ता आहे, ती परत मागावी. केवळ स्कॅन पाठवून निगेटिव्ह टाकून देण्याची प्रयोगशाळेची पद्धत आहे का, हे आधीच विचारावे. स्वतः काढलेल्या फोटोचा स्वामित्वहक्क आपलाच असतो, त्यामुळे कुटुंबाचे फोटो जाहिरातीसाठी वापरू नयेत असे लेखी कळवता येते.
- तक्रार कोठे करावी : प्रथम विक्रेत्याला लेखी कळवावे, त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानेही निवारण न झाल्यास घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता पुण्या-मुंबईचा असला, तरी बीड जिल्ह्यातील रहिवाशाला बीडच्याच आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही.

निर्णय

वरील सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा, की बीड जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांनी सहलीसाठी छत्तीस चित्रांचे, ४०० वेगाच्या रंगीत निगेटिव्ह फिल्मचे दोन रोल घ्यावेत. केवळ उन्हाळ्यातील मोकळ्या मैदानासाठी २०० ची फिल्म निवडावी, पाण्यासाठी पाण्यात चालणारा एकदाच वापरण्याचा कॅमेरा घ्यावा, आणि अंधाऱ्या दालनांत कॅमेरा बंद ठेवावा. महागड्या फिल्मपेक्षा आधी काढलेला चाचणीचा रोल अधिक उपयोगी ठरतो, म्हणून तो टाळू नये. आपल्या घरातील आजी-आजोबांचे आणि वाढत्या मुलांचे एकत्र फोटो निगेटिव्हच्या रूपाने पुढच्या पिढीच्या हाती राहावेत असे वाटत असेल, तर सहलीची तारीख ठरताच कॅमेरा तपासावा, प्रयोगशाळा निश्चित करावी आणि मगच फिल्म विकत घ्यावी.